नाव रजिस्टरात पाहिजे

सन १९९८. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, तेव्हा नाल्यापलीकडच्या खदानीच्या गुलाबरावांनी आमच्या खदानीत पहिल्यांदा पाय ठेवला. रामराम नाही, पाणी नाही, सरळ ढिगाजवळ उकिडवे बसले. एक गोटा उचलून कानाशी धरला, दुसऱ्या गोट्याने त्याला हळूच ठोकलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. ते सगळीकडे असंच करत. एकदा सरकारी कचेरीची नवी पायरी त्यांनी गाडीच्या किल्लीने वाजवून पाहिली आणि भर आवारात म्हणाले, "आतून पोकळ हाय. वरचे साहेबही पाहून घ्या."

आमचा दगड ऐकून झाल्यावर म्हणाले, "शामराव, तुह्या खदानीतला गोटा बोलते, पन तुम्ही दोघं भाऊ मुकेच राह्यले. संघटनेत या."

गिरडच्या रस्त्याला तेव्हा खदानी बऱ्याच होत्या, पण प्रत्येकजण एकटाच मार खाई. ट्रक अडवला की अडवणाऱ्याच्या पाया पडायचं. गुलाबरावांनी सगळ्या खदानवाल्यांना, क्रशरवाल्यांना एका सतरंजीवर बसवलं आणि अध्यक्ष झाले. मी चौथी शिकलेला, एक अर्ज वाचायला मला अर्धा दिवस लागे. ते साहेबासमोर माझ्याकडे बोट करून सांगत, "हा मानूस गिट्टी पाहून सांगते पूल किती वर्सं टिकन. तुमच्या इंजेनराले विचारा बरं!" माणूस मोठा होता. हे मी लिहितो, कारण खोटं लिहून सूड घेणाऱ्यातला मी नाही. माझा सूड मी सगळ्यांसमोर घेतला.

संघटनेत त्यांनीच एक रीत घातली. सभासद वारला की मातीच्या दिवशी सगळे क्रशर बंद. अध्यक्षाने कागदावर सही करायची, तो कागद खदानीखदानीवर फिरायचा. मग त्या दिवशी टेकडीवर पाखरं ऐकू यायची.

२००९ साली माझा दादा गेला. सोनबा त्याचं नाव. मशीन येण्याआधी पंधरा वर्षं त्याने घणाने दगड फोडला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. खदान दोघांची, पण लीज माझ्या नावावर, कारण मला सही येत होती आणि त्याचा अंगठा. म्हणून संघटनेच्या सभासदांच्या रजिस्टरातही माझंच नाव. मी गुलाबरावांकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, उद्या दादाची माती हाय. बंदचा कागद काढा."

त्यांनी रजिस्टर उघडलं. बोट फिरवत खालपर्यंत आले. "सोनबाचं नाव नाई यात."

"नाव काऊन पाहिजे? तुम्ही त्याले वळखत नाई काय?"

"वळखतो ना गा. पन आज तुह्यासाठी कायदा वाकवला, त उद्या कोनाच्या साळ्यासाठी वाकवा लागन. नाव रजिस्टरात पाहिजे. मी मेलो तरी हाच कायदा."

दुसऱ्या दिवशी भंतेजी त्रिशरण म्हणत होते आणि नाल्यापलीकडे गुलाबरावांचा क्रशर दगड चावत होता. पुढ्यात बसलेल्या वहिनीलाही एक शब्द ऐकू आला नाही. आटोपल्यावर गुलाबराव स्वतः आले. डोळ्यांत खरंच पाणी होतं. हात जोडले. मी जोडले नाहीत.

लोकांना वाटलं, आता शामराव संघटना सोडणार. मी काही सोडली नाही. निघून गेलेल्याच्या हातात काय राहतं? दर बैठकीला पहिल्या ओळीत बसलो, त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. चौदा वर्षं. जुना माणूस म्हणून लोकांनी मला उपाध्यक्ष करून टाकलं, तेव्हा गुलाबराव हसून म्हणाले, "बोलत नाई त नको बोलू लेका. बाजूले बसला, हेच लय झालं." अशा माणसावर राग टिकवणं सोपं नव्हतं. मी टिकवला.

मधे त्यांच्या खदानीची लीज सरली. नवी लीज त्यांनी सुनेच्या नावावर केली. रजिस्टरात स्वतःच्या हाताने स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि खाली सुनेचं नाव लिहिलं. अध्यक्ष मात्र तेच राहिले, त्यांना कोण हटवणार? मी शेजारीच बसलो होतो. रेघ पाहिली.

२०२३ साली भर दुपारी गुलाबराव खुर्चीतच गेले. संध्याकाळी त्यांचा मुलगा प्रशांत चार खदानवाल्यांना घेऊन माझ्या दारात आला. बंदचा टाईप केलेला कागद पुढे केला; अध्यक्ष गेल्यावर सही उपाध्यक्षाची. "काकाजी, सही करा. उद्या दहाले माती हाय."

"रजिस्टर आन."

आणलं. मी वरून खाली बोट नेलं. सावकाश. रेघेपाशी थांबलो. "तुह्या बापाचं नाव नाई यात. तुह्या बायकोचं हाय. ते त बरी हाय ना तब्येतीनं?"

एकजण बोलला, "शामराव, मेलेल्या मानसासंग काय राजकारन करता?"

"राजकारन नाई, कायदा हाय. त्याच्याच तोंडचा."

प्रशांतने कागदाची घडी केली. रडला नाही. म्हणाला, "बाबाले मालूम होतं, काकाजी. रेघ मारली त्याच दिवशी घरी येऊन मने, शामरावनं पाह्यलं. माह्या मातीले थो सोनबाचं काढन. काढू द्या त्याले, भांडू नोका."

ते गेले. मी ओसरीवर बसून राहिलो. चौदा वर्षं मी जे जपलं, ते त्या माणसाने मरायच्या आधीच मला देऊन टाकलं होतं, लहान पोराला खेळणं द्यावं तसं. मला दादा गेला तेव्हा आला नव्हता, इतका राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी क्रशरवर गेलो. कागद फिरला नव्हता, तरी टेकडीवर एकही क्रशर सुरू झाला नव्हता. माझेही मजूर आले नव्हते. मी मेन स्विच दाबला. वर चढलो आणि दोन्ही हातांनी गोटे उचलून क्रशरच्या जबड्यात टाकू लागलो. दहाच्या सुमाराला खालच्या रस्त्याने तिरडी गेली. मागे सगळी संघटना चालत होती. मी टाकतच राहिलो.