तीनदा पाणी मागणारा पाहुणा

वेणूबाईंच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की त्या घरात टिकतील तर शपथ! यजमान विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेबनीस. ते सकाळी कामावर गेले की बाईंनी पदर खोचलाच, पाट्यांची पिशवी खांद्याला लावलीच आणि बदलापूर गावातून बारवीच्या वाटेला लागल्याच. चपला हातात घेऊन ओढा ओलांडायचा, टेपाड चढायचं, की ठाकरवाडी. तिथं जिजाच्या ओटीवर त्यांचा बायकांचा साक्षरता वर्ग भरे. ही गोष्ट पंचावन्न सालची. "अहो, तुम्हाला तिथं बोलावलंय कुणी?" विष्णुपंत विचारत. "कुणी नाही, म्हणून तर जाते!" हे उत्तर ठरलेलं.

अक्षरं बायकांनी दणादण शिकून घेतली. भात झोडून झालं आणि संक्रांतीपर्यंत जिजा, आवडी आणि आणखी चौघी-पाचजणी वाचू लागल्या. बाई हरखून गेल्या होत्या. तेवढ्यात ठाण्याच्या कचेरीतून निरोप आला की वैशाखात साहेब तपासणीला येतील, नुसतं वाचून भागणार नाही, वाचलेल्यातली मुख्य गोष्ट बायकांना सांगता आली पाहिजे. नाही आली, तर वर्ग बंद.

आणि इथंच घोडं अडलं. बाईंनी विहिरीचा धडा घेतला. गावची विहीर, पावसात तिच्यात वाहून येणारी माती, काठावरून घसरलेलं वासरू, गढूळ पाण्यानं आजारी पडलेली पोरं. शेवटी गंगू घागर भरते आणि घरी जाते. "सांगा, यात मुख्य काय?"

"गंगू घरी गेली," आवडी म्हणाली.

"अगं, हिवतापाच्या धड्यात मुख्य काय होतं मग?"

"सगळी जेवाय बसली."

सगळ्या जणी शेवटचं वाक्य धरून बसलेल्या! बाईंनी परत सांगितलं, समजावलं, रागावल्या, गोड बोलल्या. पालथ्या घड्यावर पाणी. बरं, या बायका काही बुद्धीनं कमी नव्हत्या. कुठल्या झाडाला कधी मोहोर येणार ते पानावरून सांगत. मग धड्यापाशीच काय होतं? त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. वर्ग गेला तर आपण दुपारी काय करणार, हे त्यांना कळेना, आणि ते विष्णुपंतांजवळ कबूल करण्याची तर सोयच नव्हती.

फाल्गुनात वर्ग चालू असताना आवडीकडे वांगणीकडचा एक पाहुणा आला. वर्ग सोडून सगळ्या जणी आवडीच्या घरात! पाहुणा बसला. पाणी मागून प्याला. मोहाची फुलं यंदा कशी आहेत ते बोलला, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पाला मिळतो का ते बोलला. पुन्हा पाणी मागितलं. आवडीच्या लेकीनं, सोनीनं आणून दिलं. शेळीबद्दल बोलला, जावयाबद्दल बोलला, पुन्हा सोनीला हाक, पुन्हा पाणी. बाई चुळबुळायला लागल्या. अखेर तो उठला, दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्यात पाय ठेवून म्हणाला, "आमच्या पोरासाठी, धाकलूसाठी सोनीला मागाय आलतो."

"हात्तिच्या!" बाई जिजाच्या कानाला लागल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आल्या आल्या का नाही सांगितलं?"

"बसल्या बसल्या कोन सांगतो, बाई? मोठी गोष्ट उठताना सांगायची. आमच्यात असंच. मरणाची खबर पन दारातच देतात."

बाईंच्या डोक्यात लख्ख झालं. अरे देवा! म्हणून शेवटचं वाक्य! धडा उठून जाताना जे बोलला तेच खरं, असं धरून चालल्यात या!

"आणि तो उठेपर्यंत तुम्हाला काही कळत नाही?"

"कळतंय की!" जिजा हसली. "तीनदा पानी मागितलं, तीनदा सोनीलाच हाक मारली. एवढी तहान लागती कुनाला?"

बाईंनी जिजाला दंडाला धरून ओढतच ओटीवर नेलं. बाकीच्या मागोमाग. "काढा पुस्तकं! हा धडा आहे ना, हा पाहुणा. दारात काय म्हणाला ते राहू द्या. बसल्या बसल्या फिरून फिरून कशावर येतो, ते धरा!"

विहिरीचा धडा पुन्हा वाचला. ओटीवर कालवा उठला. माती काठावरूनच येते! वासरू काठावरूनच घसरतं! "बाई, इहिरीला कठडा नाय!" आवडी ओरडली. "तो कठडा मागाय आलाय!" धड्यात कठडा हा शब्दसुद्धा नव्हता. बाईंना आनंदानं हसू की रडू असं झालं, आणि त्यांनी दोन्ही केलं.

वैशाखात साहेब आले. दौलतराव त्यांचं नाव, माणूस घामाघूम, पण बोलायला मऊ. ओटीवर बसले. ओढ्याची विचारपूस केली, पावसात तो भरत असेल म्हणाले. भाताच्या लावणीला कितीजणी जातात विचारलं. बदलापूरहून हे फार लांब पडतं म्हणाले. सरबत प्याले, आणि पुन्हा ओढा, पुन्हा लावणी. साहेब किती आपुलकीनं चौकशी करतायत, म्हणून बाई मनोमन फुलल्या होत्या.

"सायब, बोलू का?" जिजा म्हणाली. "तुमी वर्ग बंद कराय आलाव."

साहेब गोरेमोरे झाले. "मी असं कुठं म्हटलं?"

"म्हटला नाय. पन ओढ्यावर फिरून फिरून आलाव, लावणीवर आलाव. म्हंजे पावसात बाई यायच्या नाय, बाया बसायच्या नाय."

"आन आमच्या पाट्यांकडं एकदा पन बघितला नाय," आवडीनं भर घातली.

साहेब असे हसले की चष्मा घसरला. "खरं आहे. ठरवूनच आलो होतो."

"मग उठू नका," जिजा म्हणाली. "दारात सांगेस्तोवर काय खरं नसतं."

साहेबांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढून आवडीपुढे धरलं. एका गावच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाची बातमी. आवडीनं बोट ठेवून अडखळत वाचली. "ही पुलाची बातमी नाय," ती म्हणाली. "हारांची हाय. कुनी कुनाला हार घातला तेच सारखं येतंय. पूल बिचारा एकदाच आलाय."

"शाब्बास!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. मग उठले. जोडे घालता घालता ते म्हणाले, "बाई, मोठ्या टाइपाची नवी पुस्तकं आली आहेत. दसऱ्याला घेऊन येतो." आणि टेपाड उतरून गेलेसुद्धा.

बायकांनी एकच गिल्ला केला. कुणी कुणाला मिठ्या मारल्या. वेणूबाई तेवढ्या पांढऱ्याफटक पडून उभ्या.

"अगं, पण वर्गाचं काय? ते तर काही बोललेच नाहीत!"

जिजानं कपाळाला हात लावला. "बाई, एवढं आमाला शिकवलंत! दसऱ्याला पुस्तकं कोनासाठी आनायची, शेरडांसाठी?"