बटणं काढलेले कपडे

माझं वजन एकोणीस किलोंनी उतरलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, काय खातेस, किती चालतेस, कुठल्या डॉक्टरांकडे जातेस. का केलंस, असं कुणी विचारलं नाही. बरंच झालं. विचारलं असतं तर खोटं सांगावं लागलं असतं.

लग्न होऊन बोरिवलीला आले तेव्हा मी काडी होते. मग मुलगी झाली आणि डिंकाचे लाडू, तूप, ‘अंगावर पाजतेयस, खा गं’ या सगळ्यांनी मिळून माझं जे काही केलं, ते परत उतरलं नाही. मुलगी सहा महिन्यांची असताना नवऱ्याची मोठी बहीण मुलुंडहून आली. ताई शाळेत शिकवायच्या आणि कपड्यांच्या भारी शौकीन. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आनंदाने म्हणाल्या, “अगं, आता तू माझ्या मापाची झालीस!”

पुढच्या खेपेला त्या पिशवी घेऊन आल्या. पिशवीत त्यांचे सात-आठ ड्रेस होते. “दोनदाच घातलेत गं. कुणाला बाहेर द्यायचे म्हणजे जिवावर येतं.” मी ‘हो, ताई’ म्हटलं आणि पिशवी घेतली. त्यानंतर दर गणपतीला एक आणि दर दिवाळीला एक अशी पिशवी येत राहिली. बावीस वर्षं.

कपडे वाईट नसत, हे कबूल करते. चांगलं सुती कापड, शिवणही नीट. पण ताई देण्याआधी त्यांची बटणं काढून घेत. सगळी नाही, चांगली तेवढी. शिंपल्याची, पितळी, लाकडी. लेस असली तर लेसही उसवून घेत. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात हे सगळं जमा व्हायचं आणि पुढच्या नव्या ड्रेसना लागायचं. मला मिळायचे ते कपडे गळ्यापाशी दोऱ्याची टोकं घेऊन यायचे. मी नाक्यावरून पांढरी प्लास्टिकची बटणं आणायचे आणि रविवारी दुपारी लावत बसायचे. नवऱ्याला एकदा दाखवलं. तो म्हणाला, “धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.” बहिणीच्या बाबतीत त्याच्याकडे म्हणींचा साठा मोठा.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर नको म्हणायचं. एवढं सोपं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. नणंदेने प्रेमाने आणलेली पिशवी परत करायची म्हणजे नणंदेला परत पाठवल्यासारखंच. शिवाय ते कपडे नुसते घ्यायचे नसत, घालून दाखवायचे असत. मुलुंडला त्यांच्या घरी डोहाळेजेवण होतं, तिथे मी त्यांचाच मोरपंखी ड्रेस घालून गेले, मान ठेवावा म्हणून. दहा-बारा बायका बसलेल्या. ताईंनी माझी ओढणी बाजूला सारली, कापड दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, “हा माझा गं! मागच्या पाडव्याचा. माझ्यापेक्षा हिलाच जास्त शोभतो की नाही?” बायका म्हणाल्या, शोभतो. मीही हसले. त्या दिवशी मला एवढा राग आला होता की वाढलेली खीर मी तशीच ताटात ठेवली, आणि त्यावरही ताई म्हणाल्या, “डाएट का गं?”

अंधेरीच्या ऑफिसात पगारवाढ झाली तेव्हा मी एकदाच स्वतःसाठी कुर्ता घेतला. गडद निळा, पुढे सहा लाकडी बटणं. दुकानातल्या मुलीने रंग कुठला दाखवू विचारलं तर मला सांगता येईना. इतकी वर्षं रंग मुलुंडला ठरत होता. शेवटी बटणं बघून घेतला. तो मी फार वापरला नाही. चांगला आहे, राहू दे, असं करत करत कपाटातच राहिला.

तर वजनाचं खरं कारण हे. डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे, आणि मी घरात तेच सांगितलं. पण मला बारीक व्हायची हौस नव्हती. मला ताईंच्या मापातून बाहेर पडायचं होतं. तोंडाने नको म्हणता येत नाही तर अंगाने म्हणावं, एवढीच माझी अक्कल. रोज सकाळी साडेपाचला उठून चारकोपपर्यंत चालत जायचे आणि यायचे. भात सोडला, चहातली साखर सोडली, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक सोडले. चालता चालता एक वाक्य पाठ करायचे. ‘ताई, आता नको. मला बसत नाहीत.’ चौदा महिने ते वाक्य घोकलं.

दिवाळीत ताई आल्या. मला बघून दारातच थबकल्या. “अगं, हाडं दिसायला लागली की तुझी! बरंबिरं आहे ना?” मग सोफ्यावर बसल्या आणि पिशवी पुढे सरकवली. मी तोंड उघडलं. “ताई, आता मला…”

“माहितेय, सैल होतील. दोन्ही बाजूंनी आत घे ना. टेलर आहे ना तुमच्या बिल्डिंगखाली?”

“हो, ताई,” मी म्हटलं.

टेलरने सहा ड्रेस आत घेतले. काखेखाली कापडाचा हा एवढा गठ्ठा राहिला, तो दिवसभर टोचायचा. मी ते तसेच ऑफिसला घातले. एकोणीस किलो झडले आणि जीभ होती तिथेच. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

या जुलैमधल्या एका रविवारी मी कपाट रिकामं केलं. सगळे मोठे कपडे पलंगावर काढले तर ढीग उशांच्या वर गेला. नवरा म्हणाला, “ठेव ना, परत लागतील.” बायकोवरचा विश्वास हा असा. पूर्वी बोहारीण यायची, कपडे घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. आता आमच्या सोसायटीत वॉचमन तिला गेटच्या आत सोडत नाही. मुलगी म्हणाली, ऑनलाइन देता येतात, पण त्यांना फोटो पाठवावे लागतात. ताईंच्या ड्रेसचे फोटो काढत बसायची माझी तयारी नव्हती.

मग आठवण झाली मावशींची. आमच्याकडे पोळ्या करायला येतात. वयाने माझ्याएवढ्याच, पण कामाला येणाऱ्या बाईला आपल्याकडे मावशीच म्हणतात. अंगाने चांगल्या भरलेल्या, मी होते तशा. बरोब्बर बसतील, मला वाटलं. आणि मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते. देणाऱ्याला किती बरं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ढिगातले सगळ्यात चांगले नऊ निवडले, धुतले, इस्त्री केली. त्यात माझा तो निळा कुर्ताही होता. तोही आता खांद्यावरून उतरत होता.

सोमवारी सकाळी मावशी आल्या तेव्हा मी पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली. म्हटलं, “मावशी, हे तुम्हाला. दोन-चारदाच घातलेत. कुणाला बाहेर द्यायचे म्हणजे…” आणि माझं मलाच ऐकू आलं, तशी गप्प झाले.

मावशींनी हात पुसले आणि वरचाच कपडा काढला. निळा कुर्ता. झटकून समोर धरला, पुढची पट्टी बोटाने चाचपली.

“वहिनी, याची बटणं कुठायत?”

बटणं माझ्या कपाटात होती. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. आदल्या दिवशी इस्त्री करायच्या आधी मी कात्रीने ती काढून घेतली होती, सहाच्या सहा. चांगली आहेत, कशाला तरी लागतील म्हणून. शपथेवर सांगते, काढताना माझ्या मनात काहीही आलं नाही. हात आपोआप चालले.

“राहिली असतील,” मी म्हटलं. “देते आणून.”

“नको.” त्यांनी कुर्त्याची घडी घातली, माझ्यापेक्षा नीट, आणि पिशवीत परत ठेवली. “राग नका मानू वहिनी. वर्षाला दोनच घेते मी, पण दुकानात उभी राहून, पाच-पन्नास बघून घेते. माझ्या पसंतीचं. दुसऱ्याचं नाय घालत.” आणि परातीत पीठ घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपकार नव्हते, काहीच नव्हतं. भेंडी नको, गवार द्या, असं भाजीवाल्याला सांगावं तसं.

मी पिशवी हातात घेऊन उभी राहिले. लाज वाटली. त्याहून जास्त हेवा वाटला. जे वाक्य मी चौदा महिने रस्ता तुडवत पाठ केलं, ते ही बाई हाताला पीठ लागायच्या आत बोलून मोकळी झाली.

तेवढ्यात फोन वाजला. मुलुंडहून.

“अगं, गणपतीला येतेय ना, म्हणून माळा काढला,” ताईंचा आवाज आनंदाने ओसंडत होता. “तुला गंमत सांगू? माझे लग्नाआधीचे सगळे ड्रेस सापडले! जपून ठेवले होते गं, परत बसतील या आशेवर. मी तेव्हा अगदी तुझ्याएवढी होते, आत्ता तू आहेस ना, तेवढी. आता टेलरकडे जायला नको की काही नको. दोन पिशव्या भरल्यात. आणू ना?”

मावशी कणीक मळता मळता थांबल्या होत्या. फोनचा आवाज त्यांच्यापर्यंत जात होता.

“हो, ताई,” मी म्हटलं. “आणा.”