बाळंतिणींचा वॉर्ड बंद झाला तेव्हा

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी बाळंतिणींच्या वॉर्डची सिस्टर होते. वॉर्डात गर्दी कायम, पण कमाई नाही. ट्रस्टनं नवा व्यवस्थापक आणला. तरुण, बोलायला मऊ. त्यानं मला समोर बसवून सांगितलं, "सिस्टर, तुमचा वॉर्ड तोट्यात आहे. तिथं हृदयविभाग केला तर अख्खा दवाखाना तगेल."

मी भांडले. पण पगार लांबत होते, एक्स-रे मशीन बंद पडलं की तसंच पडून राहायचं, हे मलाही दिसत होतं. वॉर्ड बंद झाला. हृदयविभाग सुरू झाला, पगार वेळेवर होऊ लागले. मला त्याचं बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचाच त्रास व्हायचा.

एका दुपारी फाटकाशी आरडाओरडा ऐकून मी धावले. कागलहून रिक्षा आली होती. आत एक बाई कळा देत होती आणि तिची सासू वॉचमनशी भांडत होती.

"मावशी, वॉर्ड बंद झालाय. सरकारी दवाखान्यात न्या."

"बंद? आवं, हिचं पयलं पोरगं हितंच झालंय की!"

मी वाकून बघितलं. बाळाचं डोकं दिसत होतं. अपघात विभागात पडदा ओढून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आणि मी बाळंतपण केलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. पण आईचा रक्तस्राव थांबेना. आमच्याकडे आता ना बाळंतपणाचे डॉक्टर होते, ना रक्त. व्यवस्थापकानंच फोनाफोनी केली, स्वतः पळत जाऊन ॲम्ब्युलन्स दाराशी आणली. रक्त थांबावं म्हणून तिचं पोट दाबून धरत मी सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत गेले. सासू बाळाला छातीशी धरून शेजारी बसली होती.

बाई वाचली.

परत आले तर व्यवस्थापक जिन्यावर बसला होता. म्हणाला, "पुढची वाचेलच असं नाही, सिस्टर. फाटकावर मोठा बोर्ड लावतो."

"बोर्ड कसला लावताय? एक डॉक्टर ठेवा."

"पगार कुठून देऊ? तुम्हीच सांगा."

तो खरंच विचारत होता.

बोर्ड लागला. मी आता हृदयविभागात आहे. अधूनमधून खिडकीतून फाटकाशी रिक्षा दिसते, आत कळा देणारी बाई. सोबतची बाई खाली उतरते, बोर्ड वाचून घेते, घाईनं परत बसते. रिक्षा वळते. आतली बाई वेळेत पोचली का, हे मला कधीच कळत नाही.