नमुन्याबरहुकूम रॅम

नमुना दाखवल्याशिवाय जगात कोणतीही वस्तू धड मिळत नाही, असं मानणारे दिग्रसमधले शेवटचे गृहस्थ म्हणजे माझे साडू. कापसाच्या जिनिंग कारखान्यात ते फिटर होते. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या सदऱ्याचा खिसा अजून कामावर आहे. त्यात नळाचा वायसर असतो, तुटकं बटण असतं, कधी भिंतीचा पोपडाही असतो, रंगाच्या दुकानात तो काउंटरवर ठेवून ते म्हणतात, "हाच पायजे." एकदा चष्म्याची फ्रेम घ्यायची म्हणून शेजाऱ्याचा चष्मा नमुन्याला नेला. शेजारी संध्याकाळपर्यंत घरात चाचपडत होता. स्वस्थ बसणं त्यांना जमत नाही. आमच्याकडे आले तरी चहा निवेपर्यंत खुर्चीच्या पायाचं रबर काढून, निरखून, पुन्हा बसवलेलं असतं.

त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवायची ठरली, तेव्हा त्यांनी आधी होती तीच उपसून खिशात घातली. तोवर कॉम्प्युटर नुसता रखडत होता; आता तो बंदच पडला.

घाई मुलीसाठी होती. ती हैदराबादला नोकरी करते, दिवाळीलाही आली नव्हती. फोनवर बापलेकीचं बोलणं "जेवले का?" "हो" इथं संपतं. पण रविवारी दुपारी चारला दोघं ट्रकचा एक गेम खेळायचे. एकामागे एक ट्रक हाकताना ती साहेबापासून भाजीवालीपर्यंत सगळं सांगायची. मग गेमचं अपडेट आलं आणि साडूंचा ट्रक जागीच गोठू लागला. तीन रविवार वाया गेले. 'राहू द्या, बाबा' असं ती म्हणून टाकेल, एवढीच त्यांना धास्ती होती.

शुक्रवारी मी त्यांच्यासोबत दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, कोणत्या पिढीची? डीडीआर तीन का चार?"

"पिढी कायले पुसता? सोयरीक कराची हाय का? हा नमुना घ्या."

आणि त्यांनी स्वतःच हिरव्याला हिरवी, लांबीला लांबी लावून एक पट्टी निवडली.

रविवारी तीन वाजता ती पट्टी कॉम्प्युटरमध्ये बसेना. तिच्या कडेची खाच दोन-चार मिलिमीटर सरकलेली होती.

"येवढंच ना," म्हणत साडूंनी पेटीतून कानस काढली.

"अहो, चुकीची बसू नये म्हणूनच ती खाच वेगळी असते."

"जिनिंगमधी म्या काय काय बसोलं, तुमाले काय मालूम?" ते उठले, घड्याळ पाहिलं, बसले, पुन्हा उठले. कानस पट्टीला टेकली तेव्हा मी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"काई नाई. खाच मोठी करून राह्यलो."

"कानस खाली ठेवा पयले. जुन्या पट्टीवरचं स्टिकर वाचा."

साडूंनी भिंग घेतलं. "पी, पुसदचा. सी, सिमेंटचा. मंग चार."

"अन् नवीवर?"

"पी. सी. तीन."

"मंग कशी बसन, बाबा?"

ती हसली. तेही हसले. मग कानस कुठून आली, जिनिंगमधला तो मुकादम आता कुठे असतो, आई ऊन उतरल्यावर फिरायला जाते का, असं बोलणं सुरू झालं. चार केव्हाच वाजून गेले. साडू पाऊण तास एका जागी बसून होते.

"तिथं भेटत नसन तं मी घेऊन येते," शेवटी ती म्हणाली. "शनिवारी. दोन दिवस राहीन."

बरोबर पट्टी दुकानात होती. दुकानदाराने ती शुक्रवारीच पुढे केली होती आणि निळी आहे म्हणून साडूंनी परत केली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कानस उचलून पेटीत ठेवली.

"इथं तं नाई भेटत, बाई," ते फोनमध्ये म्हणाले. "पुऱ्या दिग्रसात नाई."