खंडेनवमीला पुजलेले फ्यूज

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर गाड्यांच्या वायरिंगमधल्या चुका शोधायच्या आणि सही करायची, हे माझं काम. त्यामुळे इथले तुमचे गूढ अनुभव मी चहा पीत वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाला रिजेक्टचा स्टिकर लावायचे... आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा खुशाल हसा.

आम्ही मोशीला राहतो – मी, नवरा उमेश, दोन पोरं आणि सासूबाई. सासरे, म्हणजे अण्णा, इलेक्ट्रिशियन होते. दोन वर्षांपूर्वी गेले. कुठलाही पॅनल उघडण्याआधी ते झाकणावर टेस्टरने दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "हाय का कुणी आत?" मला चिडवायचे, "तुमच्या कंपनीत सही आधी आन् चेकिंग मागनं." माझा फार जीव होता त्यांच्यावर.

उमेशने वर्षभर सुट्ट्या खर्ची घालून गाडीमागे जोडायचा कॅम्पर ट्रेलर बनवला. वायरिंग माझं. दसऱ्याला पहिली ट्रिप ठरली, भंडारदऱ्याला. दोन दिवस आधी मी पॅनलमधला एकेक फ्यूज तारेच्या जाडीशी ताडून पाहिला. दिवे-पंख्याची तार बारीक, तिला लाल, दहा अँपिअरचा. सॉकेटची तार जाड, तिला हिरवा, तीसचा. कागदावर टिक केली, सही केली, विषय संपला.

दसऱ्याच्या सकाळी ट्रेलर जोडला, कुलूप लावलं. आम्ही पाचही जण गेटपाशी उभे. तेवढ्यात ट्रेलरच्या आतून आवाज आला... टक टक.

मी पोरांकडे पाहिलं. दोघं माझ्यासमोर चिवडा खात होती. उमेश म्हणाला, "पत्रा तापला असेल." निघणार, तोच पुन्हा. टक टक. मोजून दोनदा.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंजिरी, बघ की जरा. बिनकामाचं ठोकायचं न्हाईत ते."

मी चिडूनच कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. पॅनलचं झाकण उघडलं, तर सगळे फ्यूज हळदीकुंकवाने माखलेले. आकडा दिसेना की रंग.

"उमेश, हे तू काढले होतेस?"

"काल खंडेनवमी नव्हती का? अण्णा घरातले फ्यूज काढून पक्कड-टेस्टरबरोबर पाटावर मांडायचे ना... म्हटलं, आपणही मांडू. रंग बघून परत लावले की."

दिवे-पंख्याच्या जागचा लाल दिसणारा फ्यूज मी काढला आणि ओढणीने पुसला. कुंकू निघालं. खाली हिरवा. तीसचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – बारीक तारेला मोठा फ्यूज लावला आणि शॉर्ट झालं, तर फ्यूज उडायच्या आधी तारच पेटू शकते. आणि ती तार पोरांच्या गादीखालून गेली होती. उमेश फडकं घेऊन आला आणि बाकीचे फ्यूज पुसायला लागला. चूक एकट्या त्याची नव्हती. हळद-कुंकू लावल्यावर पुन्हा चेक करायचं, हे माझ्याही कागदात नव्हतं.

सगळे फ्यूज पुसून जागेवर लावले आणि तासभर उशिरा निघालो. ट्रिप मस्त झाली. धरणाकाठी सासूबाईंनी पिठलं केलं, पोरं चिखलात लोळली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं गादीवर झोपली असताना पंखा बंद पडला. बघितलं, तर गादीच्या कोपऱ्याशी तार घासून उघडी पडली होती. दहाचा फ्यूज उडाला होता. बस, एवढंच. पोरांची झोपही मोडली नाही. मी मात्र बाहेर जाऊन बराच वेळ रडले.

मी क्वालिटीची बाई, सोडते का? घरी आल्यावर सलग तीन दिवस ट्रेलर उन्हात ठेवला. गाडीला जोडून, सोडून, कुलूप लावून पाहिलं. एकदाही आवाज आला नाही. तो कसला होता, मला आजही सांगता येत नाही, आणि आता फारसं कोडंही पडत नाही.

आता प्रत्येक ट्रिपच्या आधी फ्यूज तपासून झाले की मीच झाकणावर दोनदा टकटक करते आणि विचारते, "अण्णा, बरोबर आहे ना?"

आतून उत्तर येत नाही. मग मी सही करते आणि आम्ही निघतो.