सासूबाईंच्या मांडीवरचं डिझेल

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली भाड्याची खोली सोडून आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला निघालो, त्याला आता बरीच वर्षं झाली. सामान न्यायला दुसऱ्या कुणाची गाडी बघावी लागली नाही. आमच्या ह्यांचाच एक जुनापुराणा ट्रक होता. अडचण एकच होती. सासूबाईंना जायचं नव्हतं. "त्या जंगलात कोण ओळखीचं आहे माझ्या?" म्हणून त्यांनी लेकाशी बोलणंच टाकलं होतं.

रविवारी सकाळी सामान चढलं, दोर आवळले. शेजारच्या सिंधी भाभी सासूबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. सासूबाई केबिनमध्ये चढून बसल्या आणि ह्यांनी चावी फिरवली.

इंजिन घरघरलं, पण चालू होईना. पुन्हा फिरवली, तरी तेच.

आता एकदा निरोप घेऊन झाल्यावर माणसानं करायचं काय? भाभी डोळे पुसत हसायलाच लागल्या. "अम्मा, गाडी को भी नहीं जाना है!" सासूबाईंना तर आनंदच झाला. भाभींनी लगेच आतून पापड आणि पाणी आणलं, जसे काही आम्ही नुकतेच पाहुणे म्हणून आलो होतो.

हे खाली उतरले. "बॅटरी चांगली आहे, इंजिन फिरतंय. पण सायलेन्सरमधून धूरच नाही. म्हणजे डिझेल पुढे येत नाहीये." टाकीत काठी बुडवून पाहिली तर ती चांगली अर्ध्यापर्यंत ओली. मग त्यांनी फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि मला म्हणाले, "तू हा हँडपंप मार, मी बघतो."

मी नव्या साडीचा पदर खोचला आणि पंप मारायला लागले. बोल्टमधून डिझेलऐवजी फेस यायला लागला.

"एअर घेतलीय. मारत राहा, हवा निघून जाईल."

हात भरून आले तरी फेस काही थांबेना. मग हे ट्रकखाली शिरले. टाकीपासून येणारा रबरी पाइप हाताने चाचपत गेले आणि तिथूनच ओरडले, "सापडलं! पाइप चिरलाय. पंप डिझेल सोडून हवाच ओढतोय."

रविवार असल्यामुळे स्पेअर पार्टची दुकानं बंद होती. ह्यांनी जरा डोकं खाजवलं आणि भाभींना विचारलं, "कूलर का पाइप है क्या?" भाभींनी कूलरच्या मोटरचा पारदर्शक पाइप काढून आणला. ह्यांनी टाकीतलं डिझेल एका कॅनमध्ये भरलं, तो पाइप कॅनमधून केबिनच्या फटीतून थेट इंजिनच्या पंपाला जोडला आणि पुन्हा हवा काढली. कॅन उंचावर राहिला की डिझेल आपोआप खाली उतरणार होतं. पण उंचावर तो धरणार कोण?

मी पुढे झाले, तर सासूबाई म्हणाल्या, "तू पोरगी, हलशील. दे इकडं."

त्यांनी कॅन मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवटाळला. ह्यांनी चावी मारली. ट्रक खोकला, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागला. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. भाभी पुन्हा रडल्या.

"आई, पाइपात बुडबुडा दिसला की सांग," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी मायलेकांचं बोलणं सुरू झालं होतं. अंबरनाथ येईपर्यंत त्या प्रत्येक गतिरोधकाला ओरडत होत्या, "अरे, बुडबुडा! हळू चालव की!" हे गाडी हळू करायचे, बुडबुडा निघून जायचा, आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू त्यांनीच तो परतवून लावला होता. मधे कॅन पुन्हा भरून घेतला, तेव्हा लेकाच्या तोंडाला पाण्याची बाटलीही त्यांनीच लावली.

कात्रपला इमारतीखाली ट्रक थांबला. त्या उतरल्या तेव्हा लुगड्याला डिझेलचा घमघमाट सुटला होता. जिन्याजवळच्या बायकांनी नाकाला पदर लावून विचारलं, "आजी, हे काय?"

"गाडी आणली मी," त्या म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसून सगळी हकिकत सांगायला लागल्या. आम्ही कपाट वर चढवलं, पलंग चढवला, तरी त्यांचं सांगणं चालूच होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी नवा पाइप बसवला. मला मात्र त्या इमारतीत पुढे किती तरी दिवस कुणी नावानं ओळखलं नाही. मी होते ट्रकवाल्या आजींची सून.