तापाचं वेळापत्रक

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कर्जतच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांचा, आणि ज्या गोष्टीविषयी कुतूहल वाटू नये अशी एकही गोष्ट या गृहस्थांना उभ्या आयुष्यात सापडली नाही. वडाची पानं मोजताना त्यांना मी स्वतः पाहिलं आहे. पत्नी तापानं गेली, कोणता ताप ते कोणालाच सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी बाजारातल्या चार व्यापाऱ्यांना भरीस घालून एक धर्मादाय निधी काढला. त्यातून इस्पितळात गरिबांसाठी खाटा आल्या आणि हिवतापाच्या अभ्यासाला एक खोली आणि सूक्ष्मदर्शक मिळाला. एवढं करून दुसरा माणूस घरी बसला असता. मास्तर सायकलवर बसले आणि गावोगाव ताप बघत फिरू लागले.

खिशात रेल्वेचं घड्याळ, काखेत वही. कशेळ्याजवळच्या आमच्या गावात माझी आई एक दिवसाआड कुडकुडत असे. मास्तरांनी चार वेळा येऊन नोंद केली आणि जाहीर केलं, "बाई, तुमचा ताप परवा दुपारी दीडला येणार. लेट झाला तर कळवा." परवा दीडला ते अंगणात हजर! ताप दहा मिनिटं उशिरा आला, तर त्यांचा चेहरा असा झाला की आईच म्हणाली, "मास्तर, चुकी माझी नाय हो."

महायुद्धामुळे हिवतापावरचं क्विनाईन मिळेनासं झालं होतं. ज्याच्या रक्तात जंतू दिसतील त्यालाच गोळ्या, असा इस्पितळाचा नियम. म्हणून मास्तर काचपट्ट्या घेऊन आले. सुई दुखत नाही हे दाखवायला प्रत्येक अंगणात आधी स्वतःचं बोट टोचून एक थेंब काचेवर घेत आणि ती काच तिथेच ओट्यावर ठेवून देत; त्यांच्या डाव्या हाताची चाळण झाली होती. मग कोरी काच आणि नवी सुई बाईच्या हाती देऊन, संकोची माणूस, पाठ फिरवून घड्याळात बघत उभे राहत. रक्ताची काच हातात आली की तिला नावाची चिठ्ठी लावत.

अकरा बायकांच्या काचा इस्पितळात गेल्या. उत्तर आलं, एकीच्याही रक्तात हिवताप नाही. गोळ्या नाहीत. इकडे आई उठून बसेना. घरात आम्ही दोघंच. मी कॉलेजातून नाव काढून शेती बघायचं ठरवलं. मास्तर मात्र वही उलटसुलट करत होते. "एक दिवसाआड वेळेवर गाडी येते, आणि हे म्हणतात इथे रूळच नाहीत! असं कसं?"

आईनं गोधडीतून तोंड बाहेर काढलं. "मास्तर, रागावू नगा. ते रगत तुमचंच हाय."

"माझं?"

"समद्या बायांनी ओट्यावरची तुमचीच काच दिली. आमचं रगत तापाचं, खराब. इस्पितळात एवढ्या मोठ्या लोकांकडं खराब कसं धाडायचं? तुमी मेहनत घेता, तुमचं नाव जाईल ना."

मास्तर ओट्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे अकरा बायका मी एकटाच!" मग चष्मा पुसून हळूच म्हणाले, "बाई, आज खराबच द्या. जितकं खराब, तितकं आमच्या कामाचं."

आईनं बोट पुढे केलं. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. चौथ्या दिवशी गोळ्या आल्या, महिन्याभरात आई चुलीपाशी बसली, आणि मी कॉलेजात परतलो.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होऊन मी इस्पितळाच्या त्याच खोलीत नोकरीला लागलो, तोवर मास्तर मुलाकडे सोलापूरला गेले होते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना पत्र टाकलं.

"ती. मास्तरांस साष्टांग नमस्कार. काल कपाटात त्या अकरा काचा सापडल्या. माझ्या आईचं नाव असलेली काच मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुमचं रक्त अगदी स्वच्छ आहे. काच फेकली नाही, चिठ्ठीही बदलली नाही. आईची तब्येत उत्तम आहे. दुपारी दीड वाजला की ती अजून दाराकडे बघते. ताप येत नाही, ते बरंच झालं. पण तुम्हीही येत नाही. लेट झालात तरी चालेल, ती म्हणते, पण या."